पेपरमिंट विरघळेपर्यंत

मोठीआईच्या तोंडाला गल्लीत कुणी लागत नसे आणि तिच्या सल्ल्यावाचून कुणाचं चालतही नसे. कुणाची सून रुसली, कुणाचा मुलगा नोकरी सोडून घरी बसला, कुणाच्या नवऱ्याने भावाशी बोलणं टाकलं, की माणसं तिच्या पायरीवर येऊन बसत. ती भाजी निवडता निवडता अर्धं ऐकायची, उरलेलं अर्धं स्वतःच सांगायची आणि पुढे काय करायचं तेही सांगून मोकळी व्हायची. माणसं 'बरं' म्हणून उठत. सांगितलेलं करत की नाही, हे तिने कधी विचारलं नव्हतं. न करायला काय झालं?

शाळेत ती अक्षरओळखीपुरती गेली होती. 'फार शिकले नाही म्हणून डोकं शाबूत राहिलं,' असं ती सांगे, आणि शिकलेलं माणूस समोर असलं तर जरा मोठ्याने सांगे.

तेव्हा दवाखान्यातली नर्स एके दिवशी पायरीवर येऊन म्हणाली, "मोठीआई, आमच्याकडे समुपदेशनाचा वर्ग सुरू होतोय. आपल्या वस्तीतलीच माणसं घ्यायचीत, शिक्षणाची अट नाही. लोकांचं ऐकून घ्यायला शिकवतात. तुमचं नाव घालू?"

"शिकवायला येऊ की शिकायला?"

"शिकायला."

"मग मला वेळ नाही," म्हणून मोठीआईने भाजीची परात उचलली.

नाव घातलं गेलं ते पुढच्या रविवारी, लेकीच्या फोननंतर.

लेक दुसऱ्या गावी राहायची. दर रविवारी सकाळी फोन करायची आणि 'सगळं ठीक' म्हणायची. कशी आहेस, सगळं ठीक. जावई कसे आहेत, सगळं ठीक. त्याला कारण होतं. मागे एकदा ती रडत म्हणाली होती, की ऑफिसातले साहेब सगळ्यांदेखत बोलतात. दुसऱ्या दिवशी मोठीआई छत्री घेऊन त्या ऑफिसात हजर. साहेबांना तिने सगळ्यांदेखतच धुऊन काढलं. साहेब पुढे अगदी सरळ वागू लागले म्हणे, पण ते बघायला लेक तिथे राहिली नाही, तिने लाजेने नोकरीच सोडली. तेव्हापासून सगळं ठीक.

पण मोठीआईला कान होते. जावयाला शिंकांची खोड होती. एक आली की तिच्यामागे सात-आठ, आणि शेवटची तर दार आपटावं तशी. लग्न झाल्यापासून लेकीच्या फोनमागे त्या शिंका वाजायच्या. मोठीआईने त्यांवर चार औषधं सांगितली होती. थंडीच्या सुरुवातीला शिंका बंद झाल्या. पहिल्या रविवारी तिला वाटलं, औषध लागू पडलं. दुसऱ्या रविवारी तसं वाटलं नाही. आता उन्हं तापायला लागली तरी फोनमध्ये लेकीमागे कुणी शिंकत नव्हतं, खोकत नव्हतं, कुणी टीव्हीसुद्धा लावत नव्हतं.

पूर्वीची मोठीआई असती तर छत्री काढली असती. पण एकदा छत्री काढून लेकीच्या तोंडाला कुलूप लागलं होतं, हे तिलाही कळत होतं. कबूल करणं वेगळं. तिने हिशेब असा केला, की दवाखान्यात लोकांच्या पोटातलं बाहेर काढायची काहीतरी युक्ती शिकवत असणार. ती युक्ती शिकायची, लेकीकडून सगळं काढून घ्यायचं आणि वर्ग सोडून द्यायचा.

वर्ग दवाखान्याच्या वरच्या खोलीत भरे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात बाळांचा वजनकाटा, भिंतीवर किडक्या दातांचं मोठं चित्र. शिकवणाऱ्या बाई लेकीच्याच वयाच्या होत्या. अंगाने काडी, पण आवाज ठाम.

"इथे तीन गोष्टी करायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "सल्ला द्यायचा नाही. 'का' म्हणून विचारायचं नाही. आणि समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही."

"मग मी इथे आले कशाला?" मोठीआई म्हणाली.

"हा 'का' स्वतःला विचारलात तर चालेल," बाई म्हणाल्या.

पोरगी वाटते तेवढी साधी नाही, हे मोठीआईने तिथेच ओळखलं.

सरावाला दोघादोघांच्या जोड्या केल्या. मोठीआईच्या वाट्याला एक निवृत्त बसड्रायव्हर आला. बाकी बायका होत्या, त्यांत एक ब्युटीपार्लरवाली. तिला ऐकायची सवय होती, कारण गिऱ्हाईकाच्या तोंडाला लेप लावला तरी गिऱ्हाईक बोलतंच, असं तिचं म्हणणं.

ड्रायव्हर खुर्चीत सरळ बसून म्हणाला, "रिटायर झालो, तरी पहाटे जाग येते. अंघोळ करतो, भांग पाडतो. आणि मग आठवतं, की आज आपल्याला कुणाला कुठे..."

"न्यायचं नाही," मोठीआईने वाक्य पुरं केलं. "अहो मग फिरायला जा. येताना दूध आणा. बायकोला जरा मदत करा, जन्मभर तिने केलंय. आणि तो भांग डावीकडून पाडा, टक्कल झाकेल."

ड्रायव्हरने डोक्यावरून हात फिरवला.

"मोठीआई," बाई म्हणाल्या, "तुम्ही आत्ता किती सल्ले दिलेत?"

"मोजून देत नाही मी. लागतील तेवढे देते."

"त्यांना काय म्हणायचं होतं, ते कळलं का आपल्याला?"

"कळायचंय काय? माणूस रिकामा आहे."

"त्यांची बायको गेल्या वर्षी वारली," बाई म्हणाल्या.

दातांच्या चित्राकडे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मोठीआई त्याकडे बघत राहिली.

तास संपताना प्रत्येकाने 'आज मी काय शिकलो' हे सांगायचं असा नियम होता. बाकीच्या ते लिहूनही काढत. मोठीआईला लिहिण्यातून सूट होती, सांगण्यातून नव्हती. पार्लरवाली म्हणाली, आज मला माझ्या आतल्या शांततेची ओळख झाली. ड्रायव्हर म्हणाला, बोलायला बरं वाटलं. मोठीआई म्हणाली, "खुर्च्या वाईट आहेत. कंबर धरते."

जिना उतरताना ड्रायव्हर मागून आला. त्याने खिशातून पेपरमिंटची पुडी काढून तिच्यापुढे धरली. "मी गाडीवर असताना ही गोळी तोंडात ठेवायचो. पॅसेंजर काय वाटेल ते बोलतात. उत्तर द्यायला गेलं की गाडी वाकडी जाते. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असा माझा नियम. फक्त चावायची नाही."

"मला काय लहान मूल समजलात?" असं म्हणून मोठीआईने पुडी घेतली. बायकोबद्दल काहीतरी बोलायला हवं, हे तिला कळत होतं. ते कसं बोलतात ते येत नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "भांग आहे तसाच असू द्या. चांगला दिसतो."

पुढच्या तासांना वर्गात नवाच आवाज सुरू झाला. कुणीतरी मन मोकळं करत असायचं, बाई मान हलवत असायच्या आणि मध्येच 'कडकन्' वाजायचं. मोठीआईने पेपरमिंट चावलं, म्हणजे तिचा धीर सुटला. लोक बोलता बोलता तिच्या गालाकडे बघू लागले. पार्लरवालीने बाईंकडे तक्रार केली, की मी सासूबद्दल बोलत असताना दोनदा कडकन् झालं. बाई म्हणाल्या, "पूर्वी त्या जागी दोन सल्ले आले असते. प्रगती आहे."

मधल्या रविवारी मोठीआईने युक्ती लेकीवर चालवून पाहिली. फोन आला, लेक म्हणाली, "सगळं ठीक." मोठीआईने पेपरमिंट तोंडात टाकलं आणि बाई बसतात तशी, जरा पुढे झुकून, गप्प बसली.

"हॅलो?" लेक म्हणाली. "हॅलो? आई? ...रेंज नाही वाटतं." आणि फोन ठेवला.

समोरासमोर वाकून बसण्याचा फोनवर उपयोग होत नाही, हे बाईंनी शिकवलं नव्हतं. सांगायचं तेच ही शिकलेली माणसं सांगत नाहीत.

तिने मग सराव घरात सुरू केला. मुलगा आणि सून संध्याकाळी कामावरून आले की ती पेपरमिंट तोंडात ठेवून समोर बसायची आणि मान हलवायची. मुलगा म्हणाला, बॉस त्रास देतो. तिने मान हलवली. सून म्हणाली, नवा पंखा घेतलाय, जरा महागच पडला. मान हलली. घरात अशी शांतता आजवर फक्त वीज गेल्यावर व्हायची. सुनेने धास्तीने भाजीत मीठ दोनदा घातलं. मोठीआईने घास घेतला, पाणी प्यायली आणि पुढचा घास घेतला.

सुनेने नवऱ्याला आत ओढलं. नवऱ्याने बहिणीला फोन लावला.

"आईने आज खारट भाजी मुकाट्याने खाल्ली."

"किती खारट?" लेकीने विचारलं.

"मला गिळवेना."

"आणि ती काहीच बोलली नाही?"

"मान हलवली."

लेकीने लगेच मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावून वेळ घेतली. शेजारच्या एका म्हातारीला मेंदूत गाठ झाली होती, तेव्हा सुरुवात अशीच मान हलवण्यापासून झाली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने लेक दारात. एका पिशवीनिशी आली होती, आणि जावई सोबत नव्हता. दोन्ही गोष्टी मोठीआईने पाहिल्या. तोंडात पेपरमिंट होतं.

"आई, आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय."

मोठीआईने मान हलवली. लेकीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मोठीआईला सगळी भानगड कळली होती. 'अगं मला काही झालेलं नाही, मी शिकतेय,' एवढं म्हणायचा अवकाश, लेक संध्याकाळच्या गाडीने परत गेली असती, सगळं ठीक म्हणत. म्हणून ती चप्पल घालून निघाली.

मेंदूच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. बाकाच्या टोकाला दोघींना जागा मिळाली. समोर माशांची काचेची पेटी होती, तिच्यात एकच मासा. लेक थोडा वेळ त्या माशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तुला कळतंय ना मी काय बोलतेय ते?"

मान हलली.

"मला वाटायचं, तुला सांगायला अजून वेळ आहे." लेक थांबली. मोठीआईने पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मी थंडीपासून वेगळी राहतेय. एक खोली घेतलीय. तो वाईट नाही गं. मारत नाही, पीत नाही. सगळं विचारून करतो. काय खाऊ या, कुठे जाऊ या, सुट्टीचं काय करू या, विचारतो. आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतो. चांगलंच उत्तर असतं. म्हणून तर भांडता येत नाही."

मोठीआईच्या जिभेवर एकाच वेळी पाच-सहा वाक्यं येऊन बसली. त्यांतली दोन जावयाबद्दल होती, एक खोलीच्या भाड्याबद्दल आणि बाकीची लोक काय म्हणतील याबद्दल. दात पेपरमिंटवर टेकले.

"तुझ्यासारखंच आहे त्याचं," लेक म्हणाली.

दात तिथेच राहिले.

"घरी होते तेव्हा तू सांगायचीस, तिकडे तो. मी काही म्हणायला गेले, की कुणाचं तरी आधीच म्हणून झालेलं असायचं. मागे घरमालक म्हणाला, खोलीला रंग देऊन देतो, कोणता हवा ते सांगा. मला ठरवता येईना. एक महिना झाला. रोज भिंतीकडे बघते. मला कुठला रंग आवडतो, तेच मला ठाऊक नाही, आई."

समोरचा मासा पेटीच्या टोकाला जाऊन वळला. मोठीआईला रंग ठाऊक होता. पांढरा. मळतो, पण खोली मोठी दिसते. तिने तो पेपरमिंटबरोबर गिळला. बाई सांगायच्या, की काही सुचलं नाही तर समोरच्याचंच बोलणं हलक्या हाताने परत द्यावं.

"महिनाभर भिंतीकडे बघतेस," ती म्हणाली.

लेकीने चेहरा ओढणीत घातला. ती बराच वेळ रडली आणि मोठीआईने तिला 'गप' म्हटलं नाही. शेजारची बाई सरकून बसली. मोठीआईने तिच्याकडे असं पाहिलं, की ती आणखी सरकली.

डॉक्टरांनी हात वर करायला लावले, नाकाला बोट लावायला सांगितलं, वार विचारला. मोठीआईने सगळं बिनचूक केलं. मग डॉक्टर म्हणाले, "जीभ दाखवा."

जिभेवर दुसरं पेपरमिंट बसलं होतं.

"हे काय?"

"औषध."

"कशावरचं?"

"तोंडावरचं," मोठीआई म्हणाली, आणि आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून तिने सगळं सांगून टाकलं. वर्ग, बाई, ड्रायव्हर, तीन नियम. आणि डॉक्टर म्हणून तुम्ही पेशंटकडे न बघता संगणकाकडे बघता, हेही सांगितलं. डॉक्टरांनी लेकीकडे वळून म्हटलं, "यांच्या मेंदूला काहीही झालेलं नाही."

लेक तडक बाहेर पडली. बसस्टॉपवर आल्यावर तिचं तोंड उघडलं.

"म्हणजे मघाशी चाललं होतं, तो तुझा अभ्यास होता."

मोठीआईने पदराची गाठ चाचपली. पुडी संपली होती.

"'महिनाभर भिंतीकडे बघतेस' हे तुझ्या त्या बाईंनी शिकवलेलं वाक्य?"

"वाक्य तुझंच होतं. मी नुसतं परत दिलं."

"मी तुझा सराव आहे का? इथे मी घाबरून धावत आले, तू मरतेस की काय म्हणून, आणि तू मान हलवून माझ्याकडून सगळं काढून घेतलंस! छत्री तरी दिसायची गं. हे तर दिसतसुद्धा नाही."

हे मात्र लागलं, कारण खरं होतं. काढून घ्यायलाच तर ती वर्गात गेली होती. उलट उत्तरं तिच्याकडे पोत्याने होती. तुझ्यासाठीच केलं, आईचं मन तुला काय कळणार, नऊ महिने वाहिलंय, वगैरे. तिने त्यांतलं कुठलंच उचललं नाही.

"मला आधीच माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"वेगळी राहतेस ते. तुझ्या फोनमध्ये शिंका येत नव्हत्या."

"कधीपासून माहीत होतं?"

"थंडीपासून."

"आणि तू आली नाहीस?"

"नाही."

"त्याच्या ऑफिसात गेली नाहीस?"

"पत्ता आहे माझ्याकडे," मोठीआई जराशा अभिमानाने म्हणाली. "नाही गेले."

"सगळा हिवाळा तू गप्प बसलीस?"

"दात दुखायला लागले," मोठीआई म्हणाली.

लेक हसली नाही. पण उभी होती ती बाकावर बसली, अंतर ठेवून. एक बस आली, ती त्यांची नव्हती. ती गेल्यावर लेक समोर बघत म्हणाली, "मग तुला काय वाटतं? मी परत जावं की नाही?"

हा प्रश्न लेकीने तिला जन्मात कधी विचारला नव्हता. विचारायची वेळच येत नसे, उत्तर आधी हजर असायचं. मोठीआईने तोंड उघडलं. आणि पाहते तो आत काहीच नाही. पांढरा रंग होता, जावई होता, लोक होते, पण उत्तर नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

लेकीने वळून पाहिलं, जणू गाठ खरोखरच निघाली. मग ती जवळ सरकली आणि आईचा हात घेऊन मांडीवर ठेवला. दोघी बस येईपर्यंत तशाच बसल्या.

वर्गाच्या शेवटी परीक्षा होती, तिच्यात मोठीआई नापास झाली. बाईंनी समोर एक अनोळखी बाई बसवली होती. ती झोप लागत नाही म्हणून सांगत होती. पेपरमिंट पुरतं विरघळेपर्यंत मोठीआईने ऐकलं, आणि शेवटच्या घटकेला, शिकवणाऱ्या बाई वहीत 'उत्तीर्ण' लिहिणार तोच, त्या अनोळखी बाईला उशी बदलायला सांगितली. गल्लीत तिने सांगितलं, की बाई म्हणाल्या, तुमच्याशिवाय वर्ग चालायचा नाही, पुढच्या तुकडीलाही या. ते अर्धं खरं होतं. पुन्हा बसावं लागणारच होतं.

शेवटच्या तासाला बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मोठीआई, काय शिकलात?"

सगळ्यांनी खुर्च्यांबद्दल ऐकायची तयारी ठेवली. मोठीआईने तोंडातलं पेपरमिंट संपू दिलं. मग म्हणाली, "लेकीने मला विचारलं, तुला काय वाटतं. बघितलं तर मला काहीच वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी वाटायच्या आधीच बोलत होते." आणि फार झालं असं वाटून तिने जोडलं, "खुर्च्या बदला."

ड्रायव्हरने पुडी पुढे केली. तिने या वेळी स्वतःची आणली होती. तिने उलट त्यालाच एक पेपरमिंट दिलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाली, "तुमचं त्या दिवशी राहिलं होतं. पहाटे भांग पाडता, मग?" त्याने वारलेल्या बायकोबद्दल सांगायला सुरुवात केली. दोघांचीही पेपरमिंट संपली तरी तो सांगत होता.

त्या रविवारी फोन आला.

"भिंतीला रंग दिला," लेक म्हणाली. "हिरवा. थोडा जास्तच हिरवा झालाय. वास खूप आहे, सकाळपासून मला..." आणि फोनमध्ये शिंक वाजली. बारीक, लेकीची स्वतःची. तिच्यामागे आणखी एक.

मोठीआईला शिंकांवर चार औषधं ठाऊक होती. हिरव्या रंगाबद्दलही बरंच ठाऊक होतं.

"हॅलो?" लेक म्हणाली. "आई? आहेस का?"

"आहे," मोठीआई म्हणाली. "पेपरमिंट आहे तोंडात. तू बोल."